तिसाफर्नेस आणि ग्रीक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराणी सुभेदार तिसाफर्नेस याच्याबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीला ओळखीचे प्रश्न आहेत, पुढे गुंतागुंतीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळी सालं इ.स.पू. आहेत, वेगळं असेल तिथे तसं लिहिलं आहे.

1. तिसाफर्नेस नेमका कोण? राजा होता का?

राजा नव्हता. इराणच्या अकेमेनिड साम्राज्याच्या पश्चिम टोकाचा तो सुभेदार, ग्रीकांच्या शब्दात 'सत्रप'. ठाणं सार्डिसला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या सालिहली गावाजवळ. 413 च्या सुमारास तो तिथे आला आणि 395 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मधला काही काळ सोडला तर ही सगळी वर्षं त्याची गाठ ग्रीकांशी होती: अथेन्स, स्पार्टा, किनाऱ्यावरची आयोनियन शहरं आणि भाडोत्री ग्रीक सैनिक. त्याने दोन राजांची चाकरी केली, आधी दारियस दुसरा आणि मग आर्टाझर्क्सीस दुसरा.

घराणं मोठं होतं. लिशिया प्रांतातल्या झँथॉस इथे एक उंच कोरीव स्तंभ आहे. त्यावरच्या लिशियन लेखात त्याचं नाव येतं आणि तो हिदार्नेसचा मुलगा असल्याचं कळतं. पहिल्या दारियसला गादीवर बसवणाऱ्या सात सरदारांत एक हिदार्नेस होता. हे त्याच कुळातलं नाव.

2. 'सत्रप' आणि आपल्याकडचा 'क्षत्रप' हे एकच का?

शब्द एकच. जुन्या फारसीत 'ख्शत्रपावन' म्हणजे राज्याचं रक्षण करणारा. ग्रीकांनी त्याचं 'सत्रापेस' केलं आणि शकांबरोबर तो आपल्याकडे 'क्षत्रप' होऊन आला. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांत क्षहरात क्षत्रप नहपानाचं नाव आहे, ते हेच पद. मात्र नहपान इराणच्या राजाचा नोकर नव्हता. तो तिसाफर्नेसनंतर चारशेहून अधिक वर्षांनी झाला आणि स्वतःच्या नावाची नाणी पाडत होता. पदवी उरली, तिच्यामागचं साम्राज्य केव्हाच गेलं होतं.

'यवन' या शब्दाचीही तीच वाट. इराणी लोक आयोनियन ग्रीकांना 'यौन' म्हणत. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या खांबांवर जो शब्द कोरला आहे, त्याचं मूळ तिसाफर्नेस ज्यांच्याकडून कर वसूल करायला निघाला होता त्या शहरांत आहे.

3. त्याच्याबद्दलची माहिती येते कुठून? इराणी बाजू कुठे वाचायला मिळते?

जवळपास सगळी माहिती ग्रीकांकडून येते. 413 ते 411 या काळासाठी थ्युसिडिडीस, पुढे झेनोफोन, आणि बऱ्याच नंतरचे डायोडोरस व प्लुटार्क. यांतला झेनोफोन तर तिसाफर्नेसच्या हाती सापडता सापडता वाचलेला माणूस (प्रश्न 11). त्याने हा सुभेदार विश्वासघातकी रंगवला यात नवल नाही.

इराणी बाजूने त्याची कैफियत सांगणारा मजकूर आपल्या हाती नाही. झँथॉसचा स्तंभ आहे, काही नाणी आहेत. म्हणून मी वाचताना एक पथ्य पाळतो: ग्रीक लेखकाने त्याचं जे कृत्य सांगितलं ते घ्यायचं, त्यामागचा जो हेतू चिकटवला तो तपासून घ्यायचा. सार्डिसच्या कचेरीत बसून तेच कृत्य कसं दिसलं असतं हे विचारलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

4. अथेन्स आणि स्पार्टा आपसात लढत होते. इराणी सुभेदाराला मध्ये पडायचं कारण काय?

थकबाकी. थ्युसिडिडीस हे स्वच्छ सांगतो. राजाने नुकतीच त्याच्याकडे त्याच्या सुभ्याचा महसूल मागितला होता. किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांकडून तो येत नव्हता, कारण तिथे अथेन्सचा वचक होता. वसूल न झालेली रक्कम सुभेदाराच्या नावावर बाकी म्हणून चढली होती.

दुसरं काम बंडखोराचं. आधीचा सुभेदार पिसुथनेस याने बंड केलं होतं. त्याच्याकडच्या ग्रीक भाडोत्री सैनिकांचा म्होरक्या लायकॉन हा अथेन्सचा. त्यालाच पैसे चारून फोडलं आणि पिसुथनेस हाती लागला. पण त्याचा अनौरस मुलगा अमोर्गेस केरियात, म्हणजे नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या प्रांतात, लढत राहिला. त्याला जिवंत किंवा मेलेला हजर कर, असा हुकूम होता.

413 मध्ये सिसिलीत अथेन्सचं आरमार बुडालं आणि संधी आली. तिसाफर्नेसने स्पार्टाला निरोप धाडला: या, खर्च मी देतो. 412 मध्ये स्पार्टाच्या बाजूच्या जहाजांनी इयासोस बंदर घेतलं. तिथल्या लोकांना ती जहाजं अथेन्सची वाटली, म्हणून ते बेसावध राहिले. अमोर्गेस पकडून तिसाफर्नेसच्या हवाली केला गेला. शहरही त्यालाच दिलं, आणि तिथल्या माणसांसाठी, गुलाम असो की स्वतंत्र, दरडोई एक सोन्याचा दारिक असा भाव ठरला.

5. त्याला ग्रीक भाषा येत होती का?

औपचारिक बोलणी तरी दुभाष्यामार्फत होत. 401 मध्ये भाडोत्री ग्रीकांच्या सेनापतींशी तो दुभाष्याकरवी बोलला, असं झेनोफोन लिहितो. स्पार्टाला आपली बाजू मांडायला त्याने गौलितेस नावाचा, दोन्ही भाषा जाणणारा केरियन माणूस पाठवला होता. अथेन्सशी बोलताना त्याचं तोंड झाला होता अथेन्सचाच फरारी पुढारी अल्किबियाडीस, आणि तो नुसता दुभाष्या राहिला नाही (प्रश्न 8).

6. खलाशांच्या पगाराचं भांडण काय होतं? ते इतकं का गाजलं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो योग्यच आहे. ही मैत्री पगारावर उभी होती आणि पगारापायीच विटली.

हिशेब असा. 6 ओबोल म्हणजे 1 द्राख्मा, 6,000 द्राख्मा म्हणजे 1 टॅलेंट चांदी. तीन रांगांत वल्ही असलेल्या लढाऊ जहाजावर सुमारे 200 माणसं. माणशी रोज 1 द्राख्मा धरला तर 30 दिवसांचे 6,000 द्राख्मा, म्हणजे एका जहाजाला महिना 1 टॅलेंट. त्याच्या वकिलाने स्पार्टात कबूल केलेला दर हाच होता. किनाऱ्यावरच्या मिलेटस शहरात जमलेल्या स्पार्टाच्या ताफ्याला त्याने पहिला महिना त्या दराने दिलाही. मग म्हणाला, राजाला विचारेपर्यंत 3 ओबोलच मिळतील. एका झटक्यात निम्मा पगार.

स्पार्टाच्या बाजूने आलेला, सिसिलीतल्या सिराक्यूजचा सेनापती हर्मोक्रेटीस तेवढा ठाम उभा राहिला. शेवटी 3 ओबोलपेक्षा किंचित जास्त, अशी तडजोड झाली. बाकीच्या कप्तानांची आणि सेनापतींची तोंडं पैसे देऊन बंद केली होती. सगळ्यांना थोडं देण्यापेक्षा थोड्यांना बरं देणं स्वस्त पडतं. पुढे तेवढेही पैसे वेळेवर येईनात. मिलेटसला खलाशी स्पार्टाचा आरमारप्रमुख अस्तिओकस याच्याकडे पगार मागायला गेले. तो उद्धटपणे बोलला, आणि आपल्या खलाशांची बाजू मांडणाऱ्या डोरिएउसवर त्याने हातातली काठी उगारली. जमाव आरडाओरडा करत त्याच्या अंगावर धावला. आरमारप्रमुखाला एका वेदीपाशी धावत जाऊन जीव वाचवावा लागला.

तिसाफर्नेसची बाजूही इथेच नोंदवतो. राजाच्या खजिन्यातून पैसे आलेले नसताना तो स्वतःच्या पदरचे खर्च करत होता, असं त्याच्या वतीने सांगितलं जाई. अर्थात ते सांगणारा अल्किबियाडीस होता. पण डोक्यावर आधीच थकबाकी असलेला माणूस हात आखडता घेणारच, एवढं मला पटतं.

7. स्पार्टाशी एक तह झाला की तीन? कलमांत फरक काय?

तीन, आणि तेही जेमतेम वर्षभरात.

पहिला 412 मध्ये. त्यातलं कलम जबरदस्त होतं: राजाकडे जो मुलूख आहे आणि राजाच्या पूर्वजांकडे जो होता, तो सगळा राजाचा. दुसऱ्या तहात शब्द थोडे बदलले आणि राजाच्या बोलावण्यावरून आलेल्या फौजेचा खर्च राजाने द्यायचा हे आलं. मुलखाचं कलम मात्र जवळजवळ तसंच राहिलं.

ते कलम शांतपणे वाचणारा पहिला स्पार्टन म्हणजे लिखास. क्निडोसच्या बैठकीत त्याने सरळ विचारलं की पूर्वजांकडे जे होतं ते सगळं राजाचं म्हटलं, तर बेटं, थेसली, बोएशियापर्यंतचा ग्रीसही त्याचाच होतो. ग्रीकांना अथेन्सच्या जोखडातून सोडवायला निघून आम्ही त्यांच्या मानेवर इराणचं जोखड ठेवायचं का? अशा अटींवर पगारही नको, असं तो म्हणाला. तिसाफर्नेस संतापून निघून गेला.

तिसरा तह 411 मध्ये मिआंडर नदीच्या मैदानात झाला. त्यावर दारियसच्या राज्याचं 13 वं वर्ष नोंदलं आहे. आता राजाचा मुलूख 'आशियात' एवढाच म्हटला. पैशाचं कलमही घट्ट केलं: राजाची जहाजं येईपर्यंत तिसाफर्नेस पगार देईल. ती आल्यावर स्पार्टाने आपला खर्च आपण करावा, किंवा त्याच्याकडून घेतला तर ती उसनवारी समजून युद्ध संपल्यावर फेडावी.

हे नीट वाचलं तर दिसतं की शब्दांत तो मागे सरला, पण आशियातली ग्रीक शहरं त्याने तिन्ही तहांत आपल्याकडे ठेवली. त्याला हवी होती तीच.

8. 'दोघांनाही झिजवा' ही मसलत अल्किबियाडीसची की त्याची स्वतःची?

मसलत अल्किबियाडीसने दिली असं थ्युसिडिडीस सांगतो. अथेन्समधून फरारी झालेला आणि आता स्पार्टालाही नकोसा झालेला हा माणूस सुभेदाराच्या आश्रयाला आला होता. त्याचं म्हणणं: जमिनीवरची आणि समुद्रावरची सत्ता एकाच्या हाती जाऊ देऊ नका, पगार कमी करा, ग्रीकांना एकमेकांवर झिजू द्या. तिसाफर्नेस त्याच्यावर इतका खूश झाला की आपल्या एका सुंदर बागेला त्याने अल्किबियाडीसचं नाव दिलं, असं प्लुटार्क लिहितो.

पण अथेन्सशी बोलणी झाली तेव्हा कोण कोणाला वापरत होतं ते उघड झालं. अथेन्सचा वकील पिसांडर आणि त्याचे सोबती तहासाठी आले. अल्किबियाडीसने सुभेदाराच्या वतीने आधी सगळं आयोनिया मागितलं, ते कबूल झालं. मग किनाऱ्याजवळची बेटं मागितली. तिसऱ्या बैठकीत मागणी अशी वाढली की राजाला हवी तेवढी जहाजं बांधून आपल्या किनाऱ्याने हवी तिथे फिरू द्यावीत. अथेन्सचे वकील चिडून उठून गेले. थ्युसिडिडीसच्या मते सुभेदाराला तह नकोच होता, आणि आपलं वजन नाही हे उघडं पडू नये म्हणून अल्किबियाडीस मागण्या फुगवत होता. मला हे पटतं.

9. फिनिशियन आरमार आणतो म्हणाला आणि आणलं नाही. थाप होती का?

फिनिशिया म्हणजे आजच्या लेबनॉनचा किनारा, तेव्हा इराणच्या ताब्यातला. थाप म्हणता येत नाही, कारण जहाजं खरोखर आली होती. 147 जहाजं आजच्या अंतल्याजवळच्या अस्पेंडसपर्यंत पोचली. तिसाफर्नेस स्वतः तिकडे गेला आणि ती तिथूनच परत गेली.

थ्युसिडिडीस इथे थांबून लोकांत चाललेले तर्क मांडतो: स्पार्टाला ताटकळत ठेवायचं होतं, फिनिशियन खलाशांना घरी सोडण्याबद्दल त्यांच्याकडून पैसे उकळायचे होते, किंवा आपल्याविरुद्धच्या तक्रारी शमवायच्या होत्या. स्वतः त्याचा कौल पहिल्याला आहे, कारण ती 147 जहाजं आली असती तर स्पार्टा तेव्हाच जिंकला असता. सुभेदाराने दिलेली सबब अशी होती की राजाने सांगितली त्यापेक्षा जहाजं कमी भरली. कमी जहाजांत तेच काम झालं असतं तर राजाचा खर्च वाचून मर्जीच मिळाली असती, असं थ्युसिडिडीस त्यावर सुनावतो.

10. खुद्द आयोनियन शहरांना तो कसा वाटायचा? आणि त्याला 407 मध्ये बाजूला का केलं?

शहरांना अथेन्स नको होतं म्हणून इराण हवं होतं असं नाही. मिलेटसमध्ये त्याने किल्ला बांधला. 411 मध्ये मिलेटसकरांनी तो गुपचूप हल्ला करून घेतला आणि त्याची शिबंदी हाकलली. गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे की तेव्हा त्यांना दटावणारा लिखासच होता, प्रश्न 7 मधला. युद्ध नीट संपेपर्यंत तिसाफर्नेसचं ऐका, असं तो म्हणाला. पुढे तो आजारी पडून वारला तेव्हा स्पार्टनांनी निवडलेल्या जागी मिलेटसकरांनी त्याला पुरू दिलं नाही.

बाजूला सारण्याचं कारण निकाल. शेजारच्या सुभ्याचा, दास्किलियमचा फार्नाबाझस स्पार्टाला सढळ मदत करत होता. तिसाफर्नेसच्या धोरणात शत्रूही जिंकत नव्हता आणि मित्रही. त्यातच त्याने अल्किबियाडीसला, तो भेटी घेऊन आला असताना, सार्डिसला कैदेत टाकलं, आणि 30 दिवसांनी तो घोड्यावरून निसटला. अखेर दारियसने आपला धाकटा मुलगा सायरस याला पश्चिमेचा सर्वाधिकारी करून पाठवलं. सायरसने स्पार्टाच्या लायसँडरच्या शब्दाखातर खलाशांचा पगार 3 चा 4 ओबोल केला, आणि काही वर्षांत अथेन्स हरलं.

11. झाब नदीवर ग्रीक सेनापतींना खरंच दगा दिला का? की ती झेनोफोनची बाजू?

दगा दिला. इथे मी त्याची वकिली करणार नाही.

मागची गोष्ट अशी. 404 मध्ये दारियस वारला. गादीवर सायरसचा थोरला भाऊ आर्टाझर्क्सीस आला. सायरस भावाच्या जिवावर उठला आहे असं तिसाफर्नेसने या नव्या राजाला सांगितलं. सायरसला पकडलं, पण आई परिसाटिसने सोडवलं. 401 मध्ये सायरस सुमारे 13,000 भाडोत्री ग्रीकांसह भावावर चालून गेला. झेनोफोनही त्यांच्यासोबत होता. ही तयारी डोंगरी टोळ्यांसाठी नाही, हे आधी ओळखून सुमारे 500 स्वारांनिशी राजाकडे दौडत गेला तो तिसाफर्नेस. बॅबिलोनजवळ कुनाक्साला सायरस मारला गेला. ग्रीक मात्र आपल्या बाजूला हरले नव्हते, आणि आता परक्या मुलखात अडकले होते.

तिसाफर्नेसने हातात हात देऊन शपथ घेतली: सुखरूप घरी नेतो, वाटेत अन्न विकत मिळेल. ग्रीकांनीही नासधूस न करण्याची शपथ घेतली. टायग्रिसला मिळणाऱ्या झाब नदीपाशी संशय वाढला, तेव्हा स्पार्टन सेनापती क्लिआर्कस मनं मोकळी करायला त्याच्या तंबूत गेला. सुभेदाराने त्याला आदराने जेवायला ठेवून घेतलं आणि देवांचा हवाला दिला. दुसऱ्या दिवशी क्लिआर्कस धरून पाच सेनापती, 20 कप्तान आणि बाजारहाटाला निघालेले सुमारे 200 सैनिक असे तिकडे गेले. एका इशाऱ्यासरशी आतले पकडले गेले, बाहेरचे कापले गेले. ग्रीक छावणीला हे कळलं ते निकार्कस नावाचा माणूस पोटातली आतडी हातांनी सावरत धावत आला तेव्हा. सेनापतींची डोकी राजापुढे उडवली गेली.

राजद्रोह्याची भाडोत्री फौज मोडणं हे सुभेदाराचं कामच होतं, असं कुणी म्हणेल. होतं. पण शपथ मोडून ते करणं हे इराणच्याच रिवाजात लाजिरवाणं होतं. त्यांच्यात उजवा हात देणं ही सगळ्यात पक्की आण मानली जाई.

12. एजेसिलॉसने त्याला दोनदा कसं फसवलं?

बक्षीस म्हणून तिसाफर्नेसला सायरसचा मुलूख मिळाला. त्याने आयोनियन शहरांना पुन्हा ताबा मागितला, शहरांनी स्पार्टाला हाक मारली, आणि 396 मध्ये स्पार्टाचा राजा एजेसिलॉस उतरला. इराणच्या राजाला विचारेपर्यंत थांबू, असा शपथेवर तहकुबीचा करार करून तिसाफर्नेसने त्या काळात मागवली ती फौज.

फौज येताच त्याने युद्धाची धमकी दिली. एजेसिलॉसने मग केरियाच्या वाटेवरच्या शहरांना बाजार तयार ठेवायला सांगितलं. तिसाफर्नेसचं घर केरियात. त्याने पायदळ तिकडे नेलं, आणि एजेसिलॉस उलट दिशेच्या फ्रिजिया प्रांतात शिरला. पुढच्या वर्षी एजेसिलॉसने जाहीर केलं, सार्डिसच्या मुलखात जातो. या वेळी ते खरं होतं. तिसाफर्नेसला पुन्हा हूल वाटली आणि पायदळ पुन्हा केरियात गेलं. तीन दिवस ग्रीकांना शत्रू दिसला नाही. चौथ्या दिवशी इराणी घोडदळ आलं, पॅक्टोलस नदीपाशी हरलं. छावणीत 70 टॅलेंटहून जास्त ऐवज सापडला. एजेसिलॉसने ग्रीसला नेलेले उंटही इथलेच.

13. मग त्याला मारलं कुणी? तिथ्राउस्टेस म्हणजे तोच का?

नावं सारखी वाटतात, माणसं वेगळी. तिथ्राउस्टेस हा त्याच्या जागी पाठवलेला अधिकारी. सायरसच्या मरणाचा डूख धरून बसलेल्या परिसाटिसने राजाचं मन वळवलं. कोलोसीला अरिएउसच्या घरी तिसाफर्नेस स्नानाला निघाला होता, तलवार बाजूला ठेवलेली. तिथे त्याला धरलं आणि मग डोकं उडवलं. हा अरिएउस आधी सायरसचा सेनानी, मग फितूर, आणि झाबच्या दग्यानंतर ग्रीक छावणीपुढे येऊन 'शस्त्रं टाका' म्हणणारा तोच.

तिथ्राउस्टेसने एजेसिलॉसला कळवलं की अपराध्याला शिक्षा झाली, तुम्ही घरी जा, शहरं स्वायत्त राहतील, फक्त जुना कर भरतील. म्हणजे बाकी तीच (प्रश्न 4). 386 च्या, 'राजाचा तह' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तहात आशियातली ग्रीक शहरं शेवटी इराणकडे गेली.

14. थ्युसिडिडीसचा ग्रंथ तिसाफर्नेसवरच संपतो, हे खरं का?

खरं आहे. ग्रंथ अपुरा राहिला आणि 411 च्या घडामोडींत मध्येच तुटतो. शेवटच्या ओळींत तिसाफर्नेस किनाऱ्याकडे निघाला आहे: स्पार्टन फार्नाबाझसकडे गेल्याने अस्वस्थ, आपल्यावरच्या तक्रारींचा, विशेषतः फिनिशियन जहाजांचा (प्रश्न 9) खुलासा करायचा म्हणून. वाटेत तो इफिससला थांबतो आणि आर्टेमिस देवीला बळी देतो.

ती नुसती दाखवायची भक्ती होती का, असं लगेच विचारलं जातं. दोन वर्षांनी अथेन्सच्या थ्रासिलसने इफिससवर चाल केली. तेव्हा तिसाफर्नेसने चहूकडे घोडेस्वार पिटाळले. त्यांच्यासोबत धाडलेला निरोप राजाच्या नावाने नव्हता. निरोप होता: आर्टेमिसच्या मदतीला इफिससला या. आणि लोक आले.